बायबल-विद्यार्थ्याची वही : एक दुर्लक्षित साधन

किन्हवली हें ठाणें जिल्ह्यांत शहापूर तालुक्यांतील गांव. येथून दक्षिणेस मुरबाडास जावें, तेथें कल्याणाहून येणारा मोठा रस्ता धरावा, आणि माळशेजचा घाट चढून ओतूर, आळें, टाकळी ढोकेश्वर असें पूर्वेस जात राहावें, म्हणजे मनुष्य अहमदनगरास, हल्लींच्या अहिल्यानगरास, पोंचतो. शहापूर-मुरबाडच्या टापूंत कागद धुंडाळणाऱ्यांस ही वाट परिचित आहे. त्यांची दृष्टि सनदा, महजर, वतनाचे कागद व पोथ्या यांवर असते, आणि तें योग्यच आहे. परंतु एकाद्या रुमालांतून रेघा मारलेली साधी वही निघाली, व तींत बाळबोध अक्षरांत येशूचीं पदें आणि मत्तयाच्या अध्यायांचीं टिपणें आढळलीं, तर संग्राहक ती बहुधा बाजूस सारतो. शंभर सव्वाशें वर्षांच्या वहीस जुनी काय म्हणावयाचें, असें त्यास वाटतें. ती वही बाजूस सारूं नये, आणि ती वाचावी कशी, एवढेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अशी वही लिहिणारा कोण, हें प्रथम पाहूं. अमेरिकन मराठी मिशननें नगरास १८३१ सालीं ठाणें घातलें. १८४२ सालीं तेथें 'ज्ञानोदय' पत्र निघालें. १८७८ सालीं डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनीं उपदेशक तयार करण्याकरितां तेथेंच थिऑलॉजिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचें विद्यालय, स्थापिलें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक हे या विद्यालयांत शिकवीत असत. टिळकांचें प्राथमिक शिक्षण कल्याणास झालें होतें. तेव्हां वर सांगितलेल्या वाटेचें एक टोंक त्यांच्या बाळपणाशीं व दुसरें त्यांच्या अध्यापनाशीं जुळतें.

येथील विद्यार्थी बहुधा खेड्यांतून आलेला असे. शास्त्राचा पाठ, प्रवचनाचा सराव आणि प्रार्थना ही त्याच्या दिवसाची चौकट. मिशनच्या अहवालांत विद्यार्थ्यांची संख्या सांपडते. विद्यार्थी कशानें सुखी होई, तें अहवालांत शोधून उपयोग नाहीं. तें समजण्यासाठीं त्यानें काय सोडलें होतें इकडे पाहिलें पाहिजे. धर्म बदलणाऱ्याचे देव सुटतात, पण देवांबरोबर गांवची जत्रा, दिंडी, भावकीची पंगत आणि कित्येकदां घरचा उंबराही सुटतो. टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या ग्रंथांत या ताटातुटीचें दुःख व पुढील संसाराचा आनंद हीं दोन्हीं एकाच साध्या बोलींत आलीं आहेत. विद्यार्थ्यांपैकीं असें पुस्तक लिहिणारे विरळाच. त्यांची वही हेंच त्यांचें स्मृतिचित्र.

या वहींत पहिलें स्थान कीर्तनाचें. १८६० नंतरच्या दशकांत नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची पद्धति सुरू झाली. या कामीं कृ. र. सांगळे यांचें नांव प्रमुख आहे. सांचा जुनाच होता. आरंभीं नमन, पूर्वरंगांत मूळ पद व त्यावरील निरूपण, उत्तररंगांत आख्यान, मध्यें ओंवी, साकी, दिंडी, आर्या, साथीस टाळ-मृदंग. आख्यान मात्र बायबलांतलें. दिवसभर करार, तारण, पश्चात्ताप अशा शब्दांशीं झटणारा विद्यार्थी रात्रीं कीर्तनास उभा राहिला, म्हणजे आईच्या जात्यावर ऐकलेली ओंवी त्याच्या कंठांत परत येई. जें गांवीं सोडून आलों असें वाटत होतें, त्यांतलें कांहीं त्यास येथें पुन्हां सांपडे. हें सुख लहान म्हणावें तर लहान. पण परक्या ठरलेल्या माणसास आपल्या भाषेच्या लयींत घर मिळणें यास आम्ही क्षुल्लक म्हणणार नाहीं.

आतां वहीचा काळ कसा ठरवावा? तीन खुणा उपयोगी पडतील. पहिली खूण चालीची. पदाच्या शिरावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एकाद्या गीताचें नांव दिलेलें असतें. तें नांव संगीत सौभद्रांतील पदाचें असल्यास लेखन १८८२ च्या पूर्वींचें नव्हे, कारण तें नाटक त्या सालीं रंगभूमीवर आलें. दुसरी खूण उताऱ्याच्या पाठाची. कॅरी यांनीं सेरामपुरास छापलेला नवा करार १८११ चा, मुंबईस अमेरिकन मिशननें काढलेला १८२६ चा, संपूर्ण बायबल १८४७ चें, आणि पंडिता रमाबाईंचें भाषांतर केडगांवच्या मुक्ति छापखान्यांतून १९२४ सालीं पुरें झालें. उतरलेलें वचन यांपैकीं कोणत्या पाठाशीं जुळतें तें ताडून पाहावें. तिसरी खूण हिशेबाची. वहीच्या शेवटीं मोडींत जमाखर्च असल्यास तो सर्वांआधीं वाचावा. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ सालीं निघालें व तेव्हां पाव आण्यास मिळे. त्याचा खर्च मांडलेला असला, तर काळाची एक बाजू पक्की होते, आणि विद्यार्थी घरीं पत्र धाडीत होता हेंही कळतें. दिव्याचें तेल, टाळांची दोरी, सुटीत मुलांसाठीं नेलेला खाऊ अशीं कलमें दिसलीं, तर तीं टिपून ठेवावीं. कीर्तनाच्या पानांवरून माणसाची श्रद्धा समजते. त्याचा दिवस कसा गेला हें हिशेबाच्या पानांवरून समजतें.

इतकी खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास ख्रिस्तपुराणाचा इतिहास हें उत्तर आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनीं सुमारें ११ हजार ओंव्यांचा हा ग्रंथ रचिला. ग्रंथारंभींचा प्रसंग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. साष्टींत मुलांस धर्मपाठ देणें चाललें असतां एक ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, आमच्या जुन्या पोथ्या वर्ज्य झाल्या, तर आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं? नगरच्या विद्यार्थ्याची भूक तीच होती; मध्यें सुमारें तीन शतकें गेलीं एवढाच भेद. तें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमानें तर देशभाषेवरच गदा आली. तरी पुराण वांचलें, तें भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. अशा प्रतींवरूनच १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्डान्हा यांनीं तें छापिलें. पुढें १९२३ सालीं देवनागरी हस्तलिखिताचा लंडन येथील शोध जस्टिन ॲबट यांनीं प्रसिद्ध केला. हे ॲबट नगरच्या त्याच अमेरिकन मराठी मिशनचे, व महिपतीच्या भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतरकार. बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली. सारांश, छापील तें गेलें, आणि कोणी आपल्या आवडीसाठीं उतरून ठेवलें होतें तें राहिलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. वही हातीं लागल्यास पदांचीं पानें निराळीं काढूं नयेत. हिशेब, टिपणें व कोरीं पानें यांसह ती जशी बांधलेली असेल तशीच ठेवावी. मालकाचें नांव, गांव, आणि वही कोणत्या कागदांसोबत सांपडली तें लगेच लिहून ठेवावें. घरांत वृद्ध माणूस असेल तर चाली म्हणवून घ्याव्या, कारण कागदावर चालीचें नांव राहतें, चाल राहत नाहीं. ती जाणणारा कंठ गेला कीं अर्धी वही गेली. राजांचीं पत्रें जपणारे पुष्कळ झाले व होतील. ज्यास कोणी पत्र लिहिलें नाहीं, पण ज्यानें दिव्याच्या उजेडांत एक पद उतरून घेतलें व तें गुणगुणत निजला, त्याचें दप्तर जपण्याचें काम अद्याप व्हावयाचें आहे.