२५१८चा २८१८ कसा झाला?

हायवेवरच्या टपरीवर चहा पिताना समोरच्या ट्रकवरचा आकडा कधी नीट वाचलाय? १६१३, २५१८, २८१८... मॉडेल नंबर असेल म्हणून आपण सोडून देतो. पण त्यात ट्रकची कुंडलीच असते. टाटा किंवा अशोक लेलँडच्या बहुतेक ट्रकवर पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, टनांत. पुढच्या दोनवर एक शून्य चढवा, की इंजिनाची ताकद. म्हणजे २५१८ हा २५ टनी, १८० हॉर्सपॉवरचा गडी.

हे २५ ठरतात इंजिनावरून नाही, ॲक्सलवरून. दहाचाकी ट्रकला पुढे एक ॲक्सल, दोन टायरचा. मागे जवळजवळ बसवलेले दोन, प्रत्येकी चार टायरचे. या जोडीला टँडम म्हणतात. जुनी मर्यादा पुढे ६ टन, टँडमवर १९. झाले २५. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने ती ७ आणि २१ केली. झाले २८. म्हणून २५१८च्या जागी २८१८ आला! सहाचाकीचंही तसंच. ६ अधिक १०.२ होते, ते ७ अधिक ११.५ झाले.

आता थांबा. चार टायरच्या एका ॲक्सलला ११.५, तर दोघांना २३ हवेत ना? पण ते एकमेकांना खेटून असतात. एकाने दाबलेल्या जागेवर शेजारच्याचाही दाब येतो, आणि छोट्या पुलावर दोघांचा भार एकदमच पडतो. म्हणून २१.

आणि हो, माहितीपत्रकात याच दहाचाकीपुढे ६×४ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. तिथे जोडटायर एकच चाक धरतात. चाकं सहा, त्यातल्या चारांना इंजिनाचा जोर. खाणीतल्या टिपरला तो लागतोच.

पण एवढी काटेकोर मापं कशासाठी? रस्त्यासाठी. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले. निष्कर्ष असा, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ११.५ टनांच्या ॲक्सलवर १३.८ टन आले, म्हणजे फक्त २० टक्के जादा, तर १.२चा चौथा घात करून बघा. झीज दुप्पट! भार दुप्पट केला तर सोळापट. याउलट आपली बाईक, बाबांची कार? डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ३ टनांखालची वाहनं हिशेबातच घेत नाहीत. वाळूच्या डंपरने गावचा रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, ते आलं ना लक्षात?

यात एक मेख आहे. वजनकाट्यावर एकूण आकडा बरोबर भरला तरी गाडी ओव्हरलोड असू शकते. लोखंडी कॉइल जरा मागे ठेवली, की पुढचा ॲक्सल हलका, मागचा मर्यादेबाहेर. मग स्टिअरिंगही हलकं होतं. म्हणून माल कुठे ठेवायचा, हे भरतानाच बघावं लागतं.

कधी एका ॲक्सलची चाकं हवेत उचललेली दिसतात. तो लिफ्ट ॲक्सल. गाडी रिकामी असताना टायर आणि डिझेल वाचवायला ड्रायव्हर तो वर घेतो. पण ताडपत्रीखाली माल टम्म भरलाय आणि तरी चाकं हवेतच असतील, तर त्या ॲक्सलच्या वाट्याचे टन उरलेल्यांच्या डोक्यावर असतात.