एका कळीच्या अंतरावर

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ हे ऑनलाइन दुकान थाटलं, तेव्हा दहा-वीस वर्षांपूर्वीचे खेळ लोक पैसे देऊन घेतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. दुकान टिकलं, कारण त्यांनी दोन गोष्टी नेटानं केल्या. विकलेल्या खेळाला कुलूप घातलं नाही, आणि तो आजच्या विंडोजवर चालेल याची हमी घेतली. डॉसच्या काळातल्या बहुतेक खेळांच्या पोटात ‘डॉसबॉक्स’ असतो आणि तो २००२पासून स्वयंसेवकांनी घडवलेला आहे. दुकानाच्या पाटीवर त्यांची नावं नसतात, म्हणून या लेखात त्यांचा मान पहिला.

गोळीबाराच्या आणि लढायांच्या खेळांचं पुनरागमन एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ साली खुला झाला, त्यामुळे तो कधी मेलाच नाही. ‘स्टारक्राफ्ट’ २०१७ साली नव्या रूपात आला आणि मूळ खेळ फुकट झाला. ‘कमांड अँड कॉन्कर’ची २०२०ची आवृत्ती चोख होती. आपल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांनी ज्याच्यावर रात्री जागवल्या, त्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती २०१९ची, आणि २०२२च्या पुरवणीत गुर्जर, बंगाली, द्रविड अशा सेनाही आल्या. या प्रांतावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते अ‍ॅडव्हेंचर गेमबद्दल.

‘हा प्रकार स्वतःच्याच वेड्यावाकड्या कोड्यांनी मेला,’ असं काही समीक्षक वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. पुराव्याला प्रत्येक वेळी तेच उदाहरण: १९९९च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मधली मांजराच्या केसांची मिशी. एका खेळातलं एक वाईट कोडं धरून अख्ख्या परंपरेला आरोपी करायचं, हा न्याय मला मान्य नाही. नायक पावलोपावली मरू नये, खेळाडू कायमचा अडकून पडू नये, कोड्याची उकल गोष्टीतूनच निघावी, हे सगळं रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ सालीच लेख लिहून मांडलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये करून दाखवलं.

त्या खेळातलं तलवारयुद्ध आठवा. तिथे मनगटाचा जोर कामाचा नाही. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो आणि त्या टोमण्यावर नेमकं उत्तर सुचलं तरच तुमची तलवार पुढे सरकते. तमाशातल्या सवाल-जवाबावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हे टोमणे लिहायला ऑर्सन स्कॉट कार्ड या कादंबरीकाराचा हात लागला होता. मराठी माध्यमातली आम्ही मुलं डिक्शनरी शेजारी ठेवून ते समजून घ्यायचो, आणि शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा ते अधिक पक्के बसले.

नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका क्लासमध्ये लोटस आणि डीबेस शिकवत. सर जेवायला गेले की काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ धावू लागायचा. पहिली पातळी संपली की तो छापील पुस्तिकेतलं अक्षर विचारी. पुस्तिका कुणाकडेच नव्हती, म्हणून अक्षरांची यादी वहीतून वहीत उतरत जायची. ‘मंकी आयलंड’बरोबर समुद्री चाच्यांच्या अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यांची फिरती चकती यायची. आमच्याकडे तिची झेरॉक्स होती, कात्रीनं कापून टाचणीनं जोडलेली. आज त्या चकतीची गरज उरलेली नाही. पुस्तिका मात्र बऱ्याच दुकानांत खेळासोबत पीडीएफच्या रूपात मिळते. ती न वाचता खेळ सुरू करू नये, कारण तेव्हा निम्मी गोष्ट पुस्तिकेतच सांगितलेली असायची.

२००९ साली ‘मंकी आयलंड’ची विशेष आवृत्ती आली. चित्रं नव्यानं रंगवलेली, संवादांना आवाज दिलेले, आणि एफ-१० दाबलं की त्याच प्रसंगाचं जुनं, दाणेदार चित्र समोर. जुना खेळ नव्यानं काढण्याची योग्य रीत हीच, असं मी तेव्हापासून म्हणत आलो आहे. नवं हवं त्यानं नवं पाहावं, पण जुनं एका कळीच्या अंतरावर असलंच पाहिजे. पहिल्या भागात जुन्या चित्रांबरोबर नवे आवाज ऐकू येत नसत. दुसऱ्या भागाच्या २०१०च्या आवृत्तीत तीही सोय झाली. टिम शेफर यांच्या डबल फाइननं ‘ग्रिम फँडँगो’ला २०१५ साली हात घातला, तेव्हा हाच विवेक दाखवला. पार्श्वचित्रं मूळचीच ठेवली, प्रकाश आणि पात्रं उजळली, आणि पीटर मॅकॉनेल यांचं संगीत मेलबर्न सिंफनीकडून पुन्हा वाजवून घेतलं.

हा विवेक नसला की काय होतं, ते ‘ब्लेड रनर’मध्ये दिसलं. वेस्टवुडच्या १९९७च्या या खेळाचा सोर्स कोड हरवलेला. ‘स्कमव्हीएम’च्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून त्याची यंत्रणा उकलली आणि २०१९च्या डिसेंबरात तो पुन्हा विक्रीला आला. मग २०२२ साली ‘सुधारित’ आवृत्ती निघाली. त्यात चित्रं गुळगुळीत करण्याच्या नादात पावसाचा आणि धुराचा सगळा पोत पुसला गेला. वर मूळ खेळ स्वतंत्रपणे मिळेना. आरडाओरडा झाला तेव्हा तो परत आला. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या चाहत्यांनी २०२० साली याहून वाईट भोगलं. नव्या आवृत्तीनं त्यांच्या कॉम्प्युटरवरची जुनी आवृत्तीच बदलून टाकली.

एक तांत्रिक हट्टही नोंदवतो, कारण जाणकार म्हणवणारेही इथे चुकतात. डॉसच्या खेळांचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं असे, पण ते ४:३ प्रमाणाचा काचेचा पडदा पूर्ण भरत असे. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच होता. आज तेच ठिपके चौरस करून दाखवले की माणसं बुटकी दिसतात आणि चंद्र चपटा होतो. डॉसबॉक्समध्ये आणि स्कमव्हीएममध्ये हे प्रमाण दुरुस्त करायची सोय आहे. ती वापरल्याशिवाय कुणी जुन्या चित्रकलेवर मत देऊ नये.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ साली पाहणी केली. २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात निघालं. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’सारखा २०००चा उत्तम खेळ केवळ हक्क कुणाचे हे ठरत नाही म्हणून अडकला आहे. ‘सिस्टिम शॉक २’चे हक्क तर एका विमा कंपनीकडे निघाले. नाइटडाइव्हच्या स्टीफन किक यांनी ते सोडवले, म्हणून २०१३ साली तो खेळ परत मिळाला. पण आजचे खेळ असे कोण सोडवणार? ‘द क्रू’चा सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाला, आणि दुकानातून डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातीही काही उरलं नाही. आमच्या बुरशी आलेल्या फ्लॉपीतून निदान काही वाचवता यायचं. प्रिन्सचे निर्माते जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना २०१२ साली जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला आणि त्यातून मूळ कोड बाहेर आला. सर्व्हरवर राहणाऱ्या खेळाचा असा खोका कुणाच्याच घरी नसतो.

या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर एकच खेळ घ्यायचा असेल तर ‘डे ऑफ द टेंटॅकल’ची २०१६ची आवृत्ती घ्या. १९९३च्या मूळ खेळात एडच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला की १९८७चा ‘मॅनियाक मॅन्शन’ अख्खाच्या अख्खा खेळता येत असे. नव्या आवृत्तीतही तो तसाच शाबूत आहे. मुलांना आधी नव्या चित्रांत रमू द्या, मग जुनी चित्रं दाखवा, आणि एडच्या खोलीत नक्की न्या.