टाच आली, पैसे कधी येणार?

ठेवी बुडवणाऱ्या संस्थेच्या संचालकांची मालमत्ता ‘जप्त’ झाल्याचा मथळा वाचून ठेवीदाराच्या आशा पालवतात. परंतु अशा आदेशाने बहुतेक वेळा केवळ टाच आलेली असते, आणि टाच येणे व मालमत्ता सरकारजमा होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. टाच आलेली सदनिका किंवा जमीन विकता, गहाण ठेवता वा बक्षीस देता येत नाही, तथापि मूळ धारकाचा तिच्यावरील हक्क कायमचा संपतो तो ती सरकारजमा झाल्यावरच. खटला चालू असताना गुन्ह्याची कमाई परस्पर नाहीशी होऊ नये, एवढाच टाचेचा हेतू असतो.

हा हेतू जुना आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४४ साली निघालेला फौजदारी कायदा दुरुस्ती वटहुकूम आजही भ्रष्टाचाराच्या खटल्यांत वापरला जातो आणि त्यात टाचेचा अधिकार न्यायाधीशाकडे आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याने, म्हणजेच ‘एमपीआयडी’ने, पहिले पाऊल सरकारवर सोपवले: टाचेचा आदेश सरकार काढते, मालमत्ता किमान उपजिल्हाधिकारी दर्जाच्या ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे सोपवली जाते, आणि टाच कायम करायची की उठवायची याचा निर्णय विशेष न्यायालय देते. या वाटेवर किती काळ जातो हे ‘एनएसईएल’ प्रकरणात दिसले. जुलै २०१३ मध्ये या वस्तूबाजारातील सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली आणि सुमारे १३,००० गुंतवणूकदार अडकले. त्याच्या प्रवर्तक कंपनीच्या मालमत्तेवरील टाच मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली, आणि ‘एनएसईएल’ ही या कायद्याच्या अर्थाने ‘वित्तीय संस्था’च आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली तेव्हा २२ एप्रिल २०२२ उजाडला होता. ज्यांनी निवृत्तीचा पैसा गुंतवला, त्यांच्यासाठी जवळजवळ नऊ वर्षे हा उरलेल्या आयुष्याचा मोठा तुकडा असतो.

या विलंबावरचा उपाय म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ कडे पाहिले जाते. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त यांच्या मंजुरीने तपास अधिकारी न्यायालयाकडे अर्ज करतो, न्यायालय संबंधितास १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देते, आणि मालमत्ता गुन्ह्यातूनच आल्याचे आढळल्यास जिल्हा दंडाधिकारी ६० दिवसांत ती पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटतो. दावेदार नसल्यास किंवा वाटपानंतर काही उरल्यास ते सरकारजमा होते. टाचेचा आदेश न्यायालयानेच द्यावा, ही रचना निश्चितच स्वागतार्ह आहे.

चिंता आहे ती वाटपाची. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात तात्पुरती टाच १८० दिवसांत निर्णय प्राधिकरणाने कायम न केल्यास संपते, आणि मालमत्ता सरकारजमा करण्याच्या आदेशाआधी तिचा प्रत्यक्ष ताबा अपवाद म्हणूनच घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी सांगितले आहे. कलम १०७ मात्र दोषसिद्धीची वाट न पाहता वाटपापर्यंत जाते आणि आरोपी पुढे निर्दोष सुटल्यास वाटलेला पैसा कोणाकडून व कसा भरून काढायचा, याविषयी काहीही सांगत नाही. ठेवीच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी यांवरून पैसा कोणाचा हे निर्विवाद दिसत असेल, तेथे ६० दिवसांची घाई न्याय्यच आहे. जेथे मालमत्ता घोटाळ्यापूर्वीची, वडिलोपार्जित किंवा तिऱ्हाइताने प्रामाणिकपणे खरेदी केलेली असल्याचा दावा उभा राहतो, तेथे न्यायालयाने त्याची सविस्तर चौकशी केल्याखेरीज वाटपाचा आदेश देऊ नये.