काळी आणि पांढरी



मराठी मुलखात गावच्या जमिनीला दोन नावे आहेत. शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या जमिनीला पांढरी. काळी पिकवायची आणि पांढरीवर राहायचे. पुष्कळ लोक ही केवळ बोलण्याची रीत समजतात. माझ्या मते तो आपल्या वाडवडिलांनी घालून ठेवलेला बांधकामाचा नियम आहे, आणि तो मोडल्याचा दंड कोणाच्या खिशातून जातो हे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने मातीवर का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर ओघात येईल.

आपले हिंगणघाट वणा नदीच्या काठी वसले आहे आणि चहूकडे काळे रान पसरले आहे. या रानातल्या कापसामुळे गावाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात पोचले. तेथे 'हिंगणघाट' ही कापसाची जात म्हणून ओळखली जात असे. पण सगळी जमीन सारखी नाही. जुन्या मध्यप्रांताच्या जमाबंदीत तिचे वर्ग पाडलेले होते. खोल, भारी, खड्याचे नाव नसलेली ती काळी. तिच्याहून थोडी हलकी, चुनखडी मिसळलेली ती मोरंड. उथळ आणि दगडगोट्यांची ती खरडी. आणि माथ्यावरची नापीक ती बरडी. हे शब्द साहेबाने शोधले नव्हते. त्याने ते शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून दप्तरात लिहून घेतले. आज मी बोलणार आहे ते त्यातल्या पहिल्या वर्गाविषयी.

ही माती आली कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो काळा दगड झिजला, कुजला, आणि त्यातून अत्यंत बारीक अशी चिकण माती तयार झाली. पायाखालचा दगड फुटून तेथेच माती झाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. खोल काळीच्या बाबतीत तो पुरता खरा नाही. ही चिकण माती पूर्वीच्या अधिक दमट हवामानात तयार झाली आणि पाण्याबरोबर वाहून सखल भागात साचली, असे अभ्यासक मानतात. म्हणून माथ्यावर बरड आणि खोलगट भागात काळी, असा क्रम आपल्याला शिवारोशिवार दिसतो. नागपूरला 1976 पासून मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या कामात नागपूर जिल्ह्यातल्या लिंगा गावाच्या नावाने एक खोल काळी माती नोंदलेली आहे. कोठल्याशा खेड्याचे नाव जगभरच्या मृदाशास्त्रज्ञांच्या वाचनात यावे, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

रंगावरून मात्र फसू नये. काळी म्हणजे खताने भरलेली, असे नाही. तिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुधा शंभरात एक भागही भरत नाही. थोडासाच कुजका अंश चिकण मातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो, आणि तेवढ्याने ती काळी दिसते.

तिचे खरे रहस्य त्या कणांत आहे. खोल काळीत शंभरांतले पन्नास-साठ भाग चिकण मातीचे असतात, आणि चिकण मातीचा कण म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहूनही लहान. आपल्याकडच्या या कणांना शास्त्रात स्मेक्टाइट म्हणतात. वहीच्या पानांसारखे त्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी मिळाले की ते पानापानांत शिरते आणि वही फुगते. पाणी गेले की ती मिटते. अशा एक ग्रॅम मातीतली सगळी पाने सुटी करून पसरली, तर त्यांचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या आसपास भरेल. म्हणजे चिमूटभर मातीत कबड्डीची पाच मैदाने! त्या सगळ्या मैदानांवर पाणी चिकटून बसते. मीटरभर खोलीची काळी पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठवते. पाऊस संपल्यावर नुसत्या ओलीवर हरभरा आणि जवस येतो तो यामुळेच. परंतु याच घट्ट पकडीमुळे काही पाणी जमिनीत असूनही मुळांना ओढता येत नाही. माती हाताला ओलसर लागते आणि पऱ्हाटी मान टाकते, हे आपण पाहिले आहे.

उन्हाळ्याकडे जसजसे जावे तसतशी ही माती आकसते. आकसायला जागा नाही म्हणून ती फाटते. चैत्रात भेगा दिसू लागतात, आणि वैशाखाअखेर हाताचा पंजा सहज जाईल एवढ्या रुंद होतात. काठी घालून पाहावी तर ती मीटरभर, कधी त्याहूनही खोल उतरते. वरच्या थराचा भुसभुशीत भुगा वाऱ्याने, जनावरांच्या खुरांनी या भेगांत पडतो. मग मृगाचा पाऊस येतो. पहिले पाणी भेगांतून थेट तळाशी जाते, खालची माती फुगू लागते. भेगेत तर भुगा बसलेला. फुगणाऱ्या मातीला पूर्वीची जागा पुरत नाही. ती बाजूला रेटते, वर रेटते, आणि रेटता रेटता एक थर दुसऱ्यावर घसरतो. या घसरण्याने मातीच्या पोटात तिरपी, गुळगुळीत, चकाकणारी पृष्ठे तयार होतात. त्यांना शास्त्रीय नाव स्लिकनसाइड. हा शब्द लक्षात ठेवा; व्याख्यानाच्या शेवटी त्याच्याशी गाठ आहे.

1960 साली अमेरिकेत मातीचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले, त्यात अशा मातीला व्हर्टिसॉल हे नाव दिले गेले. लॅटिनमध्ये व्हर्तेरे म्हणजे उलटणे, फिरवणे. वरची माती भेगेत पडते, खालची वर येते, म्हणजे जमीन आपल्या हाताने आपल्याला नांगरते, अशी कल्पना होती. पुढे खालच्या थरांतल्या कर्बाचे वय मोजले तेव्हा ते खोलीबरोबर वाढत गेलेले आढळले. सगळी माती वरखाली होत असती तर असे झाले नसते. म्हणजे उलथापालथ आहे, पण पूर्वी वाटत होती तेवढी वेगवान नाही.

ही माती आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेतल्या टेक्ससच्या काळ्या कुरणांत, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गवताळ मैदानांत, सुदानमध्ये दोन नाईल नद्यांच्या बेचक्यातल्या गेझिरात ती आहे. बहुतेक ठिकाणी निसर्गाने तिच्यावर जंगलापेक्षा गवत राखले. दरसाल फाटणारी जमीन झाडाची कोवळी मुळे तोडते; गवत मात्र उन्हाळ्यात वाळून पुन्हा फुटते. आपल्या काळ्या रानातही बाभळीसारखे चिवट झाड सोडले तर मारवेल, हरळी आणि कुंदा यांचेच राज्य असायचे. कुंदा खणून काढणे म्हणजे काय कष्ट असतात, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. ऑस्ट्रेलियात न नांगरलेल्या अशा जमिनीवर लहान लहान खळगे आणि उंचवटे दिसतात. तेथले मूळ रहिवासी त्यांना गिलगाय म्हणतात. आपल्याकडचे उंचवटे शेकडो वर्षांच्या वखरणीने केव्हाच सपाट झाले.

आता मजुरीकडे येऊ. भिजली की काळी चिखल होते. भेगा मिटल्यावर तिच्यातून तासाला एखादा मिलिमीटर पाणी कसेबसे मुरते, मग ते वर तुंबते, पिकाची मुळे गुदमरतात. वाळली की ती विटेसारखी होते. या दोन अवस्थांच्या मधले जे थोडे दिवस, त्याला आपण वाफसा म्हणतो. पेरणी, डवरणी, निंदण, सगळे त्या दिवसांत उरकावे लागते, आणि एका शिवारातला वाफसा सगळ्यांना एकदमच येतो. परिणाम असा की चार दिवस प्रत्येकाला मजूर हवा आणि पुढचे दहा दिवस कोणालाच नको. मजूर चंचल आहे, वेळेला मिळत नाही, ही तक्रार मी तीस वर्षे ऐकतो आहे. काम या मातीने असे गोळा करून ठेवले असेल तर मजुराने मधले दहा दिवस काय खावे, एवढे तक्रार करणाऱ्याने सांगावे. 1972 साली हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या मातीसाठी रुंद वरंबा आणि सरी यांची पद्धत पुढे आणली. जादा पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यावर वाफसा लवकर येतो. सोयाबीनसाठी ती आता आपल्याकडे परिचित आहे. कामाचे दिवस वाढवणारी सुधारणा म्हणून मजुरांनीही तिचे स्वागत करावे.

मातीकामाचेही तसेच. रोजगार हमीच्या कामावर मोजमाप घनमीटरने होते आणि दर मातीच्या वर्गावरून ठरतो. मऊ म्हणून लिहिलेली काळी माती ओली असताना फावड्याने निघते; तीच मे महिन्यात पहारीला दाद देत नाही. वर्ग लिहिताना माती पाहावी आणि महिनाही पाहावा, ही मागणी गैरवाजवी नाही.

परंतु या मातीचा सगळ्यात मोठा उपद्रव घरांना होतो. जुन्या लोकांनी पांढरीवर वस्ती केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, भिंतींच्या मातीने ती जमीन फिकट आणि न फुगणारी झालेली असते. पुढे गिरण्या आल्या, जिन आले, वस्ती वाढली, पांढरी पुरेना. कामगारांच्या खोल्या काळ्या रानात उतरल्या, त्याही हात-दीड हात पायावर. आता गंमत पाहा. काळी फुगताना चौरस सेंटिमीटरला काही किलोपर्यंत दाब देऊ शकते. कवेलूच्या एकमजली घराचा भार पुष्कळदा त्याहून कमी भरतो. म्हणून गिरणीची जड इमारत, जिचा पाया खोल गेलेला आहे, ती जागची हलत नाही, आणि शेजारची कामगाराची हलकी खोली दरसाल वर उचलली जाते आणि खाली बसते. जमीन सगळीकडे सारखी उचलत नाही. न्हाणीचे पाणी मुरते त्या कोपऱ्यात ती फुगलेली राहते, आणि कडुनिंबाची मुळे पाणी शोषतात तेथे आकसते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा जातो.

1998-99 साली एका घरमालकाने असे तडे भाडेकरूंच्या माथी मारले. खिळे ठोकता, भांडी आपटता, असे त्याचे म्हणणे. दुरुस्तीचा खर्च भाड्यावर चढवला होता. मी तेव्हा वाचनालयातून मिळेल ते मातीवरचे पुस्तक वाचत होतो. आम्ही एवढेच केले की प्रत्येक तड्याच्या दोन्ही अंगांना खुणा करून वर्षातून चार वेळा अंतर मोजले आणि तारीख घालून वहीत लिहिले. मे महिन्यात तडा उघडायचा, सप्टेंबरात मिटायचा, पुन्हा मे महिन्यात उघडायचा. खिळ्याने पडलेला तडा पावसाळ्यात मिटत नसतो! वही पुढे ठेवल्यावर चढवलेला खर्च उतरला. खोल्या पुढेही तडकतच राहिल्या. वहीने पाया कसा खोल होणार?

त्याला उपाय आहेत. काळी उकरून मुरूम भरणे हा जुना. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खांब प्रचारात आणले. कंदाचा व्यास खांबाच्या सुमारे अडीचपट असतो, आणि भारतीय मानकाप्रमाणे खोल काळ्या मातीत हे खांब निदान साडेतीन मीटर खाली गेले पाहिजेत, कारण त्या खोलीवर ऋतूंचा हात पोचत नाही. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी जोत्याभोवती रुंद ओटा बांधावा, न्हाणीचे पाणी नळीने दूर न्यावे, आणि भिंतीलगत मोठे झाड लावू नये. विदर्भातल्या जुन्या घरांना ओटा असतो तो केवळ गप्पांसाठी नव्हे.

शेवटी चराविषयी. नळासाठी, गटारासाठी काळ्या मातीत चर खणतात तेव्हा भिंत सुरीने कापल्यासारखी उभी राहते. मुरूम झडझडून सावध तरी करतो. काळी काहीच बोलत नाही. पण तिच्या पोटात ती चकाकणारी तिरपी पृष्ठे असतात. चर खणला की त्यांचा एका बाजूचा आधार गेला. वरच्या भेगेत पाणी शिरले, की एका पृष्ठावरून अख्खा तुकडा सरकून आत येतो. एक घनमीटर ओली काळी माती दीड टनाहून जड असते. छातीपर्यंत गाडलेला माणूससुद्धा तिच्या दाबाने गुदमरून मरतो. दीड मीटरहून खोल चराला फळ्यांचा आधार द्यावा आणि काढलेली माती काठापासून दूर टाकावी, हे आपल्या सुरक्षेच्या मानकात लिहिलेले आहे. ठेकेदार म्हणतो, भिंत पक्की आहे, फळ्या कशाला? अशा वेळी चरातले एक ढेकूळ घ्यावे आणि हाताने फोडावे. फुटल्या जागी बोट फिरवून गुळगुळीत लागले आणि उजेडात धरून चमक दिसली, तर ते ढेकूळ ठेकेदाराच्या हातात द्यावे, आणि फळ्या येईपर्यंत काठावर बसून राहावे.