पद्मपूरच्या कवीने मोठ्यांसाठी सांगितलेली परीकथा

जुन्या परीकथा घेऊन मोठ्यांसाठी प्रणयकादंबऱ्या लिहिण्याची लाट इंग्रजीत सध्या जोरात आहे. सारा जे. मास यांची २०१५ मधली ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही कादंबरी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या पायावर उभी आहे. त्याआधी १९८३ मध्ये अ‍ॅन राइस यांनी टोपणनावाने झोपलेल्या राजकन्येची कथा फार धीटपणे लिहिली होती. परीकथा मुलांच्या आणि त्यांत शृंगार घालणे म्हणजे त्या भ्रष्ट करणे, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ १७४० मध्ये फ्रेंच लेखिका व्हिलन्यव्ह यांनी लिहिली, तेव्हा ती मोठ्यांसाठीची लांबलचक कथा होती. मुलींना वळण लावायला तिची आटोपशीर आवृत्ती निघाली ती १७५६ मध्ये.

हा उद्योग आपल्याकडे फार आधी झाला होता, आणि तो करणारा जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या गावचा होता असे मानायला चांगला आधार आहे. त्याचे नाव भवभूती, नाटक ‘मालतीमाधव’, काळ साधारण आठव्या शतकाचा पूर्वार्ध.

भवभूती आपले गाव स्वतःच सांगतो: दक्षिणापथात विदर्भ, विदर्भात पद्मपूर. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, घराणे तैत्तिरीय शाखेचे. हे पद्मपूर कोणते, यावर वाद झाला. चांद्याकडचा भागही सुचवला गेला. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मात्र आमगावजवळच्या पदमपूरवर बोट ठेवले. दुर्गला सापडलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, आणि आमगावच्या पदमपुरात जुने अवशेषही आहेत. मिराशींचे म्हणणे मला पटते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे गाव भंडारा जिल्ह्यातच होते. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे.

आता या नाटकामागची मूळ गोष्ट. काश्मिरी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मदिरावतीची कथा आहे. एका ब्राह्मण तरुणाची प्रिया दुसऱ्याला दिली जाते. तो गळफास घ्यायला निघतो, एक अनोळखी तरुण त्याला वाचवतो. लग्नाआधी नवरी देवळात येते, तिथे दोघे दबा धरून बसतात. प्रियकर नवरीला घेऊन पळतो आणि तिचे कपडे घालून मित्र नवरी म्हणून वरातीत बसतो. नवऱ्याच्या घरी त्याला भेटते तीच मुलगी, जिला त्याने पूर्वी पिसाळलेल्या हत्तीपासून वाचवले होते. तेही दोघे पळतात. सोमदेव अकराव्या शतकातला, म्हणजे भवभूतीनंतरचा. तेव्हा दोघांचीही विहीर एकच असणार: पैठणच्या सातवाहनाशी ज्याची दंतकथा जोडलेली आहे, त्या गुणाढ्याची हरवलेली ‘बृहत्कथा’.

शास्त्राप्रमाणे ‘मालतीमाधव’ हे ‘प्रकरण’ आहे, म्हणजे कथानक कवीने स्वतः रचायचे. भवभूतीने सांगाडा जुनाच ठेवला, पण हत्तीच्या जागी वाघ आणला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला याचे कारण विचारावे लागणार नाही, असे म्हणायचा मोह होतो. पुरावा अर्थातच नाही.

खरा बदल वेगळा आहे. मूळ कथेत सगळे योगायोगाने जुळते. भवभूतीने योगायोगाच्या बऱ्याचशा जागा माणसांना दिल्या. विदर्भाचा अमात्य देवरात आणि पद्मावती नगरीचा अमात्य भूरिवसू यांनी विद्यार्थी असतानाच आपल्या मुलांची, म्हणजे पुढे देवराताचा मुलगा माधव आणि भूरिवसूची मुलगी मालती यांची, सोयरीक ठरवलेली. पुढे पद्मावतीच्या राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी हवी होते आणि भूरिवसू उघड नाही म्हणू शकत नाही. आपल्यापेक्षा वडिलांना राजाची मर्जी मोठी, हे मालतीला कळते. परीकथेतल्या राजकन्येला असले काही कळत नसते. इथे कथा मोठी झाली.

सूत्रे हलवते कामंदकी, म्हातारी बौद्ध भिक्षुणी. संसार सोडलेली बाई दोन लग्ने जुळवते! दुसऱ्या अंकात ती मालतीच्या कानावर शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांच्या गोष्टी घालते. वर साळसूदपणे म्हणते की असले धाडस काही बरे नव्हे. जुन्या प्रेमकथा ऐकून मुलगी कशी बिघडते, याची तक्रार आजही ऐकू येते. कामंदकीला ते नेमके ठाऊक होते आणि हवेही होते.

पाचवा अंक स्मशानात. निराश माधव भुतांना नरमांस विकायला हिंडतो आणि चामुंडेच्या देवळात अघोरघंट कापालिक मालतीचा बळी द्यायला निघालेला त्याला दिसतो. नरमांस विकण्याची कल्पनाही ‘कथासरित्सागरा’त अशोकदत्ताच्या कथेत आहे. पण शृंगाराच्या इतक्या जवळ बीभत्स आणायला धाडस लागते. भवभूतीच्या प्रेमाला मरणाचा वास आहे, म्हणून ते गुळचट होत नाही.

दोषही आहेत. दहा अंक, लांब समास, आणि नवव्या अंकातला ढगाला साकडे घालणारा माधवाचा विलाप तर ‘मेघदूत’ वाचलेल्याला कंटाळवाणा होतो. विदूषक नाही, त्यामुळे हसू येते ते फक्त सहाव्या-सातव्या अंकांत, माधवाचा मित्र मकरंद मालतीच्या वेशात नंदनाशी लग्न लावून घेतो तेव्हा. नवऱ्याला झिडकारले म्हणून नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीला जाब विचारायला येते आणि पांघरुणाखाली निघतो तिलाच वाघापासून वाचवणारा मकरंद.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या नाटकाची आवृत्ती १८७६ मध्ये मुंबईत काढली. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ते मराठीत आणले. त्यानंतर ते बहुतेक परीक्षेच्या अभ्यासक्रमातच राहिले. दिवाळीपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मंडया म्हणजे जत्रा भरतात, दंडार हे लोकनाट्य उभे राहते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. दंडारीत पुरुषाने लुगडे नेसून बाई होणे ही जुनी रीत आहे. मकरंदाची नवरी करायला याहून तयार रंगमंच कुठला? झाडीपट्टीच्या एखाद्या नाटक मंडळीने सहावा आणि सातवा अंक झाडीबोलीत करून पाहावा. वाघ, पळून जाणे, फसलेला नवरदेव, खमकी म्हातारी: मालमसाला सगळा आहे, आणि लेखक गावचाच आहे.