नाण्यावरील हस्तकोरीव काम : ‘होबो निकेल’चे स्वरूप व महत्त्व

अमेरिकेत १९१३ ते १९३८ या काळात पाडले गेलेले ‘बफेलो निकेल’ हे पाच सेंटचे नाणे एका उपेक्षित लोककलेचे माध्यम ठरले. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी या नाण्याच्या दर्शनी बाजूवर अमेरिकी आदिवासी पुरुषाचे मोठे, ठसठशीत मुखचित्र योजिले होते. त्यामुळे कोरणाऱ्यास पुरेसा वाव मिळे. रोजगारासाठी रेल्वेने भटकणारे ‘होबो’ मजूर साध्या हत्यारांनी मूळ चेहऱ्यास दाढी, टोपी व कान देत. पार्श्वभूमी घासून सपाट करीत आणि बारीक ठोक्यांनी केस व कापड यांचा पोत उमटवीत. अशी नाणी अन्न वा आसऱ्याच्या मोबदल्यात दिली जात. बर्ट्राम विगंड हा कारागीर ‘लिबर्टी’ या शब्दातील पहिली दोन व शेवटचे एक अशी रोमन अक्षरे घासून ‘बर्ट’ एवढेच शिल्लक ठेवी. तीच त्याची स्वाक्षरी होय. बहुसंख्य कारागीर मात्र अज्ञातच राहिले.

अमेरिकी कायद्यानुसार फसवणुकीच्या हेतूने केलेला फेरफारच दंडनीय असल्याने या कलेस गुन्हा म्हणता येत नाही. म्हणूनच अशी नाणी केवळ विरूपित चलन न मानता, लिखित साधने मागे न ठेवणाऱ्या श्रमिकांचा ऐतिहासिक पुरावा म्हणून अभ्यासणे आवश्यक ठरते.