काठी एक, खेळ दोन

मुंबई–नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की पडघा लागते. दुतर्फा गोदामे आणि मालमोटारींची अखंड ये-जा. रस्ता मोकळा मिळाला तर येथून वांद्रे-कुर्ला संकुल दोन तासांच्या आत गाठता येते. त्याच संकुलात १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता दिली. साहजिकच सारी चर्चा क्रिकेटची झाली. त्या यादीतील लॅक्रॉस हे नाव मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटले. ज्या घरांतील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेकडे पाहत आहेत, त्या घरांनी तरी ते निसटू देऊ नये.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलणे, धावत वाहून नेणे आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारणे. हा खेळ उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा. हौडेनोसौनी लोक त्याला आजही सृष्टिकर्त्याने दिलेला खेळ मानतात. पूर्वी काठी लाकडाची आणि जाळी चामड्याच्या वाद्यांची व आतड्याच्या तातीची असे. आता काठीचे टोक प्लास्टिकचे आणि जाळी नायलॉनची असते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना हा बदल ऐकून बरे वाटेल.

विद्यापीठांत हा खेळ आधी मुलांचा झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ १८८३ पासूनचा. या विद्यापीठाचे खेळाडू १९२८ च्या ॲमस्टरडॅम आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील प्रदर्शनीय सामन्यांत अमेरिकेच्या वतीने उतरले होते. मुलींची वाट निराळ्या दिशेने आली. स्कॉटलंडमधील सेंट लिओनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी कॅनडाच्या प्रवासात हा खेळ पाहिला आणि १८९० मध्ये त्यांच्या शाळेत मुलींचा सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो रुजवला.

त्यामुळे काठी एक असली तरी खेळ दोन झाले. मुलांच्या खेळात अंगाने धडक देण्यास मुभा आहे; म्हणून शिरस्त्राण, हातमोजे, खांद्यावर गादी असा सारा सरंजाम लागतो. मुलींच्या खेळात धडक वर्ज्य. डोळ्यांवर जाळीदार संरक्षक चष्मा आणि दातांना रक्षक एवढे पुरते. जाळीची खोलीही कमी, म्हणून चेंडू काठीत टिकवून धरणे अधिक कठीण. नाजूक देहाची काळजी म्हणून केलेल्या नियमांनी मुलींच्या खेळाला अधिक कौशल्याचा करून ठेवले, ही गंमतच म्हणावी. आपल्या कबड्डीतही पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर आणि स्त्रियांचे १२ बाय ८. पण तिथे नियमांचा गाभा एकच राहिला.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई केली. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची मुलांची अजिंक्यपद स्पर्धा १९७१ पासून होती. मुलींची १९८२ मध्ये सुरू झाली. दोन्ही संघ सर्वत्र जोडीनेच असतात असेही नाही. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २००२ मध्ये मुलींचा संघ पुन्हा उभा केला. प्रशिक्षक केली अमॉन्टे हिलर यांनी ज्यांनी काठी कधी हाती धरली नव्हती अशा मुलीही संघात घेतल्या. २००५ ते २०१२ या काळात या संघाने सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्याच विद्यापीठात मुलांचा लॅक्रॉस आजही केवळ हौशी मंडळापुरता आहे.

आता पैशाचा प्रश्न. खेळात गती असली की परदेशातील सारी फी माफ होते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. वरच्या श्रेणीतील विद्यापीठांना कित्येक वर्षे मुलांच्या संघासाठी १२.६ आणि मुलींच्या संघासाठी १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. चाळीसहून अधिक मुलांच्या संघात १२.६ वाटल्या तर एकाच्या वाट्याला तिसरा हिस्साही येत नाही. व्यापारी घराला हे समजावून सांगावे लागू नये. २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत ती मर्यादा उठली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली: मुले ४८, मुली ३८. मर्यादा उठली म्हणून प्रत्येक विद्यापीठ तिजोरी उघडेलच असे नाही. हार्वर्ड, येल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे आणि तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे घरची ऐपत पाहून मदत मिळते. तरी प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन असते.

२०२८ मध्ये खेळला जाणारा प्रकार ‘सिक्सेस’ हा आहे. गोलरक्षकासह सहा खेळाडू, ७० बाय ३६ मीटरचे मैदान, आठ मिनिटांचे चार डाव आणि चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत गोलाकडे फटका. मैदान आणि वेळ स्त्री-पुरुषांना सारखीच. मोठ्या गोदामाच्या आवारात मावेल एवढीच ही जागा.

ज्या घरात मुलीने किंवा मुलाने हे मनावर घेतले असेल, त्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. वरच्या श्रेणीतील विद्यापीठांचे लॅक्रॉस प्रशिक्षक अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी विद्यार्थ्याशी प्रवेशाविषयी बोलू शकत नाहीत. दहावीचा निकाल लागल्यावर विचार करू, असे म्हणणाऱ्या घराच्या हाती त्या तारखेपर्यंत जेमतेम एक पावसाळा उरतो.